संत फ्रान्सिस द सेल्स यांची सहनशीलता

सहनशीलता ही जन्मतःच लाभावी लागते, ज्यांस ती लाभली नाहीं त्यांनीं तिची आशा धरूं नये, अशी समजूत आमच्या धर्मग्रामांत बरीच रूढ आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांस त्यांच्या सौम्यपणाबद्दल सारें जग ओळखतें. परंतु ते मूळचे शीघ्रकोपी होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं.

त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १५६७ रोजीं सॅव्हॉय संस्थानांतील सेल्स गढींत एका सरदार घराण्यांत झाला. थोरल्या मुलानें मोठा न्यायाधिकारी व्हावें, ही वडिलांची इच्छा. त्याकरितां पॅरिस व पादुआ येथें शिक्षण झालें व कायद्याची पदवीही मिळाली. परंतु १५९३ सालीं ते धर्मगुरू झाले.

पुढच्याच वर्षीं ते शाब्ले प्रांतीं गेले. जिनिव्हा सरोवराकांठचा हा मुलूख सुमारें साठ वर्षें कॅल्विनपंथाकडे होता. रात्रीं आलेंजच्या किल्ल्यावर मुक्काम, सकाळीं पायीं तोनों शहराची वाट. हिंवाळ्यांत बर्फ, वाटेंत लांडगे. एक रात्र तर त्यांनीं झाडावर स्वतःस बांधून घेऊन काढली, असें चरित्रकार सांगतात. प्रवचनास लोक येत नसत. वडिलांस हें साहस मुळींच पसंत नव्हतें. सरदारपुत्र, कायद्याचा पदवीधर, आणि ऐकावयास मूठभर माणसें! आमच्या मतें त्यांची खरी कसोटी लांडग्यांपाशीं नव्हे, त्या रिकाम्या बांकांपाशीं झाली. त्यांनीं कोणास दोष न देतां आपलें म्हणणें छोट्या पत्रकांत लिहिलें व तीं घरोघरीं पोंचविलीं. अशीं चार वर्षें गेलीं. १५९८ सालीं तोनों येथें चाळीस तासांची आराधना झाली, तेव्हां हजारों लोक पवित्र सभेंत परतले. पण पहिल्या हिंवाळ्यांत त्यांस हें कोठें ठाऊक होतें?

१६०२ सालीं ते जिनिव्हाचे बिशप झाले. ते शहर कॅल्विनपंथी असल्यानें ते आनसी येथें राहत. १६०९ सालीं प्रपंचांतील माणसांकरितां त्यांनीं भक्तिमार्गावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील सहनशीलतेचा भाग आम्ही पुन्हां पुन्हां वाचतों. मानाचीं दुःखें सोसणें सोपें, असें ते दाखवितात. चांगल्या माणसांनीं, आपल्याच घरच्यांनीं केलेली निंदा मात्र मधमाशीच्या डंखासारखी अधिक झोंबते. आजाऱ्यानें आपलें दुखणें वैद्यास सरळ सांगावें, औषध घ्यावें, उगाच वाढवून सांगूं नये. आणि स्वतःच्या दोषांवर चिडूं नये. पडल्यास मनाला हळूच उठवावें. राग आल्याबद्दल पुन्हां स्वतःवर रागावणारे आमच्याकडे थोडे नाहींत.

ला रोश गांवीं त्यांस मार्टिन नांवाचा बहिरा-मुका तरुण भेटला. ह्यास धर्म शिकवितां येणार नाहीं, असें लोक समजत. बिशपांनीं त्यास आपल्या घरीं नेलें, खुणांची भाषा बसविली आणि स्वतः शिकवून पवित्र ख्रिस्तशरीर स्वीकारण्यास तयार केलें. एका विस्तीर्ण धर्मप्रांताचा भार शिरावर असतां! हें लिहितांना आम्हांस लाज वाटते. धर्मशिक्षणाच्या वर्गांत दहा आज्ञा पाठ न होणाऱ्या एका मुलावर आम्हीं एकदां सर्वांदेखत आवाज चढविला होता. तो नंतर कित्येक रविवार वर्गास आला नाहीं. त्याच्या घरीं जाऊन क्षमा मागण्यास आम्हांस महिना लागला.

डिसेंबर १६२२ मध्यें प्रवासांत असतां लियों शहरीं ते धर्मभगिनींच्या मठाच्या माळ्याच्या झोंपडींत उतरले होते. तेथेंच त्यांस झटका आला. त्या काळच्या रीतीप्रमाणें वैद्यांनीं डोक्यास तापलेल्या लोखंडाचे डाग दिले. तेंही त्यांनीं सोसलें. २८ डिसेंबर रोजीं ते निवर्तले. त्यांच्या पित्ताशयांत पुष्कळ खडे आढळले, हे जन्मभर गिळलेल्या रागाचे, असें लोक म्हणूं लागले. वैद्यकशास्त्र ह्यास मान्यता देणार नाहीं, परंतु लोकांस त्यांचा राग ठाऊक होता, एवढें ह्यावरून दिसतें.

१६६५ सालीं त्यांस संतपद मिळालें. त्यांच्या नांवाचा धर्मगुरूंचा संघ १८३८ सालीं आनसी येथें निघाला. त्याच संघाचे धर्मगुरू पुढें नागपुरास आले, व तेथील कॅथेड्रल आजही ह्या संताच्या नांवाचें आहे. त्यांचा सण २४ जानेवारीस असतो.