संरक्षणमंत्री यशवंतराव

यशवंतराव चव्हाण म्हटले की महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु देशाच्या संरक्षण व परराष्ट्र धोरणातील त्यांचे कार्य आपल्या सातारा-सांगलीच्या विद्यार्थ्यांनाही फारसे ठाऊक नसते.

तेव्हाच्या सातारा व आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी १२ मार्च १९१३ रोजी त्यांचा जन्म झाला. पितृछत्र लवकर हरपले. मातोश्री विठाबाईंनी कष्टाने मुलांना वाढविले. कराडच्या टिळक हायस्कुलात शिकतानाच ते स्वातंत्र्यचळवळीत ओढले गेले व १९३२ साली तुरुंगात गेले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातून इतिहास व राज्यशास्त्र घेऊन ते बी. ए. झाले. म्हणजे तेही आपल्यासारखेच कलाशाखेचे विद्यार्थी!

मुख्यमंत्री असतानाच, १९६१ मध्ये, साताऱ्यास सैनिकी शाळा सुरू झाली. पुढल्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले. कृष्ण मेनन पायउतार झाले व पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीस बोलाविले. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांनी संरक्षण खात्याची सूत्रे घेतली, त्याच दिवशी चीनची एकतर्फी युद्धबंदी जाहीर झाली. तोफा थांबल्या, पण खरे काम तेथूनच सुरू झाले. सैन्याचे धैर्य खचले होते, मंत्री व सेनापती यांच्यात विश्वास उरला नव्हता. यशवंतरावांनी सेनापतींचे ऐकून घेतले. सव्वाआठ लाखांचे भूदल, पहाडी युद्धासाठी खास डिव्हिजन आणि ४५ स्क्वाड्रनांचे हवाई दल अशी पंचवार्षिक संरक्षण योजना आखली गेली. पराभवाच्या चौकशीचा सारांश त्यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेपुढे ठेवला. मूळ अहवाल मात्र गुप्त राहिला, ही अभ्यासकांची तक्रार रास्तच म्हणावी लागेल.

कसोटीचा क्षण १ सप्टेंबर १९६५ रोजी आला. छांब विभागात पाकिस्तानी रणगाडे घुसले. सेनाप्रमुखांनी विमानांची मागणी करताच यशवंतरावांनी संमती दिली आणि त्याच सायंकाळी पठाणकोटहून विमाने झेपावली. १९६२ मध्ये लढाऊ विमाने जमिनीवरच राहिली होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, त्यांच्या पुढाकाराने, दिल्लीत संरक्षणविषयक अभ्यासाची संस्था स्थापन झाली. आज तिला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे. राष्ट्राच्या सुरक्षिततेचा विचार केवळ लष्करी कचेऱ्यांत न होता विद्वानांनीही तो करावा, हा दृष्टिकोन त्या काळी नवा होता. पुढे १९७४ ते १९७७ या काळात ते परराष्ट्रमंत्री झाले. १९७६ मध्ये चीन व पाकिस्तान या दोन्ही देशांशी राजदूतांची देवाणघेवाण पुन्हा सुरू झाली. ज्यांच्याशी झुंज दिली त्यांच्याशीच बोलणी करण्याचा योग त्यांच्या वाट्याला आला.

२५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते निवर्तले. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. त्यांचा ग्रंथसंग्रहही कराडातच, वेणूताईंच्या स्मारकात जपलेला आहे. समाधीवर फुले वाहणारे पुष्कळ असतात. त्या ग्रंथांकडे आपल्यापैकी किती जण वळतात? सीमेचे रक्षण जवान करतात. पण धोरण चुकले तर त्याची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. म्हणून ते धोरण तपासण्याची विद्या इतिहास-राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आत्मसात केली पाहिजे.