हरणाऱ्या राजाची गोष्ट सांगणारा डॉक्टर

ही पुरवणी आम्ही काढतो, तुम्ही वाचता. पोलंडमधल्या वॉर्सा शहरात १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये एका दैनिकानं हे उलटं करून पाहिलं. पोलिश भाषेतल्या त्या ज्यू दैनिकासोबत दर आठवड्याला एक पुरवणी येऊ लागली. तिचं नाव मराठीत सांगायचं तर ‘छोटा आढावा’. ती लिहायची शाळकरी मुलंमुली. घरातली भांडणं, शाळेतला अन्याय, ज्यू म्हणून रस्त्यात झालेली टिंगल, सगळं त्यात यायचं. ज्याला नीट लिहिता येत नाही त्यानं ऑफिसात येऊन नुसतं सांगायचं, कुणीतरी लिहून घेईल, अशीही सोय होती. ज्यांच्या डोक्यातून हे आलं ते संपादक पन्नाशीकडे झुकलेले, टक्कल पडलेले, चष्मेवाले डॉक्टर होते. यानुश कोर्चाक.

खरं नाव हेन्रिक गोल्डश्मित. जन्म वॉर्सातलाच, १८७८ किंवा १८७९ चा. वडिलांनी नोंदच वेळेवर केली नाही, त्यामुळे वर्षाचा घोळ कायमचा राहिला. वडील वकील, घर खातंपितं. पण वडिलांना मानसिक आजारानं गाठलं आणि ते गेले तेव्हा हा मुलगा विशीतही नव्हता. मग शिकवण्या घेऊन घर सावरणं, सोबत मेडिकलचं शिक्षण. टोपणनाव एका लेखनस्पर्धेसाठी घेतलं होतं, तेच पुढे चिकटलं. मुलांचा डॉक्टर म्हणून बऱ्यापैकी जम बसला असताना १९१२ मध्ये त्यांनी क्रोखमाल्ना रस्त्यावरच्या ज्यू अनाथाश्रमाची जबाबदारी घेतली. सोबत होत्या स्तेफानिया विल्चिंस्का. या बाईंबद्दल फार कमी लिहिलं जातं. पहिल्या महायुद्धात कोर्चाक लष्करी डॉक्टर म्हणून गेले तेव्हा आश्रम त्यांनीच चालवला होता.

आता आश्रमातली खरी गंमत ऐका. तिथे कोर्ट होतं. आठवडाभरात ज्यांच्यावर एकही तक्रार नाही अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडायचे. कुणीही कुणावरही फिर्याद करू शकत होतं, अगदी शिक्षकांवरसुद्धा. कायद्याची कलमं एक हजारापर्यंत गेलेली, पण पहिली नव्व्याण्णव निव्वळ माफीची किंवा निर्दोष सोडण्याची. हजारावं कलम म्हणजे आश्रमातून रवानगी. स्वतः कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा या कोर्टापुढे उभे राहिले. एकदा एका मुलाचा कान पिरगाळला म्हणून, एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. आपल्याकडे सीआर निवडून येतो आणि वर्षभर प्रेझेंटी शीट गोळा करतो. इथे बारा वर्षांचं पोरगं संचालकाला जाब विचारत होतं.

हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसानं १९२३ मध्ये मुलांसाठी राजकारणावर कादंबरी लिहिली, ‘राजा माचुश पहिला’. इंग्रजीत तुम्हाला ती ‘किंग मॅट’ या नावानं सापडेल. पोलंडला स्वातंत्र्य मिळून तेव्हा पाचच वर्षं झाली होती. देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा, गाब्रिएल नारुतोविचचा, डिसेंबर १९२२ मध्ये खून झाला होता, तोही पदभार घेतल्यावर पाचव्या दिवशी. असल्या काळात कुणीही मुलांना परीकथाच दिल्या असत्या. कोर्चाकनी काय दिलं? वडील वारल्यामुळे गादीवर बसलेला एक लहान मुलगा. मंत्री त्याला खेळवतात. तो गुपचूप वेष बदलून लढाईवर जातो आणि परत आल्यावर ठरवतो की आपण सुधारणा करायच्या. आधी सगळ्या मुलांना चॉकलेट. मग मुलांचा हिरवा झेंडा, मुलांची संसद. ही संसद एक दिवस ठराव करते की मोठ्यांनी शाळेत जायचं आणि मुलांनी त्यांची कामं करायची. रेल्वे, टेलिफोन, सगळ्याचा बोऱ्या वाजतो. शेजारचे राजे हल्ला करतात. माचुश हरतो, त्याला मृत्युदंड सुनावला जातो आणि अगदी शेवटच्या क्षणी शिक्षा बदलून त्याला निर्जन बेटावर पाठवतात.

मुलांच्या पुस्तकात बदल करायला निघालेला हिरो हरतो! मला वाटतं, कोर्चाक मुलांना किती गंभीरपणे घेत होते ते इथेच कळतं. चांगला हेतू पुरत नाही हे त्यांना मुलांपासून लपवायचं नव्हतं. माचुशनं संसद एका हुकमासरशी वरून देऊन टाकली. आश्रमातलं कोर्ट मात्र रोजच्या तक्रारींतून, चुका दुरुस्त करत उभं राहिलं होतं. दोन्ही एकाच माणसाची निर्मिती आहे, हे वाचताना लक्षात ठेवा. आणि एक सांगून ठेवते, कादंबरीतले आफ्रिकेचे प्रसंग आज वाचताना खटकतात. खटकायलाच हवेत.

पुढच्या काळात ‘म्हातारा डॉक्टर’ या नावानं ते रेडिओवर बोलायचे. ज्यू माणसाचं खरं नाव रेडिओवर नको होतं. १९३६ मध्ये, ज्यूद्वेष वाढल्यावर, तो कार्यक्रमही गेला. ‘छोटा आढावा’चा शेवटचा अंक निघाला १ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे जर्मनीनं पोलंडवर हल्ला केला त्याच दिवशी.

१९४० मध्ये आश्रमाला घेट्टोत ढकललं गेलं. आधीच तुटपुंजी जागा, त्यात उपासमार. कोर्चाक पोतं घेऊन दारोदार अन्न मागत फिरायचे. पोलिश मित्रांनी त्यांना बाहेर काढायची तयारी केली होती, ते गेले नाहीत. १८ जुलै १९४२ ला मुलांनी एक नाटक बसवलं, आपल्या रवींद्रनाथांचं ‘डाकघर’. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणारा आजारी अमल वॉर्साच्या घेट्टोत पोलिश बोलत होता. मृत्यूला शांतपणे सामोरं जाता यावं म्हणून हेच नाटक निवडलं, असं सांगतात.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सुमारे दोनशे मुलं, कोर्चाक, स्तेफानिया आणि बाकीचे कर्मचारी यांना चालवत स्टेशनवर नेलं आणि तिथून त्रेब्लिंकाच्या छळछावणीत. कुणीही परत आलं नाही. त्या शेवटच्या चालण्यावर सिनेमे निघालेत, चित्रं काढली गेलीत. मी मात्र त्याच्या जरा आधी थांबते.

४ ऑगस्ट, डायरीतली शेवटची नोंद. कोर्चाक खिडकीतल्या झाडांना पाणी घालतायत. बाहेर बंदूकधारी जर्मन पहारेकरी उभा आहे आणि खिडकीतलं आपलं टक्कल किती सोपं निशाण आहे, हे त्यांना ठाऊक आहे. तरी ते विचार करतायत तो त्या पहारेकऱ्याचा. हा आपल्या गावी काय करत असेल? खेड्यातल्या शाळेत मास्तर असेल का?