रेव्हरंड ना. वा. टिळक : वेतन, वर्ण आणि ख्रिस्तमंडळी

मराठीबाहेरच्या अभ्यासकांना टिळक हे नाव ऐकताच लोकमान्य आठवतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच कोकणात, त्याच चित्पावन समाजात आणि जवळपास त्याच काळात दुसरे एक टिळक होऊन गेले. मराठी शाळेतल्या पिढ्यांनी त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले, तर भारतीय ख्रिस्ती समाजाने आपला भक्तकवी म्हणून. त्यांच्या काव्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, या घटनेकडे बहुधा कविमनाची लहर किंवा वृद्धापकाळचे वैराग्य म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाला ही घटना त्यांच्या चरित्राचा मध्यबिंदू वाटते. पैसा कोण देतो, तो कसा वापरायचा हे कोण ठरवतो, आणि देणारा गोरा व घेणारा काळा असेल तर त्या दोघांना एका वेदीपुढे भाऊ म्हणून उभे राहता येते का, हा प्रश्न त्यांना बाप्तिस्म्याच्या दिवसापासून छळत होता.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने कठोर. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. आई लवकर गेली आणि घराचा धागा तुटला. नारायण नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्याचे संस्कृत अध्ययन झाले. इंग्रजी शिक्षण मात्र थोडकेच. 1880 साली जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिणारी लक्ष्मीबाई. त्यानंतरची वर्षे भटकंतीची. शिक्षकी, कीर्तन, पुराणकथन, लेखन असे नाना व्यवसाय त्यांनी केले आणि कशातही ते स्थिरावले नाहीत. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने वैदिक वाङ्मयाचे काम त्यांनी काही काळ केले. हाती आलेला पैसा त्यांच्याजवळ टिकत नसे. तो मागणाऱ्याकडे जाई, पुस्तकांत जाई, आणि घरात चूल कशी पेटायची ही चिंता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. टिळकांची ही अनासक्ती पुढे त्यांच्या धर्मविचाराचा भाग झाली; तिची किंमत मात्र प्रथमपासून दुसऱ्याच कोणी मोजली.

1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती बायबल दिले. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या देवळात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईतील अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा या काळात संबंध आला होता. हेच अ‍ॅबट पुढे मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून ख्यात झाले. असे असूनही बाप्तिस्मा मिशनऱ्याच्या हातून घ्यावयाचा नाही, असा टिळकांचा आग्रह होता, आणि तो रेव्हरंड तुकाराम नथोजी या एतद्देशीय पाळकाच्या हातून झाला. आपण ख्रिस्ताकडे जात आहोत, गोऱ्यांकडे नव्हे, ही भूमिका त्यांनी पहिल्याच दिवशी कृतीने मांडली.

या धर्मांतराने संसार दुभंगला. लक्ष्मीबाई मुलासह नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. काही वर्षांच्या दुराव्यानंतर त्या अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या आणि 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. तोवर टिळक तेथील मिशनच्या कामात रुजले होते. ईश्वरविज्ञान विद्यालयात ते शिकवीत. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. या विद्यालयाचे संस्थापक रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम हे मुंबईतच जन्मलेले, उदारमतवादी आणि टिळकांविषयी स्नेह बाळगणारे गृहस्थ होते. म्हणून टिळकांचा पुढचा झगडा कोणा दुष्ट व्यक्तीशी होता असे समजू नये. सज्जन माणसांनी सद्हेतूने उभारलेल्या एका व्यवस्थेशी तो होता.

ही व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 साली मुंबईत सुरू झाले आणि 1831 साली अहमदनगरला त्याचे ठाणे पडले. त्याची पाठीराखी संस्था म्हणजे बोस्टनचे अमेरिकन बोर्ड. न्यू इंग्लंडच्या ज्या मंडळ्यांतून या बोर्डाला पैसा मिळे, त्यांचा मूळ सिद्धांतच असा की प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त असावी. प्रत्यक्षात अहमदनगर परिसरातील मंडळ्यांचे सभासद बहुतांशी महार-मांग समाजातील, अत्यंत दरिद्री. पाळक, शिक्षक, उपदेशक यांचे वेतन बोस्टनहून येणाऱ्या निधीतून निघे आणि त्या निधीचा विनियोग परदेशी मिशनऱ्यांची सभा ठरवी. तत्त्वाने स्वायत्त असलेली मंडळी व्यवहारात वेतनदारांची झाली. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत याच निधीने असंख्य जीव वाचले, अनाथ मुले जगली. मिशनरी मायबाप झाला. आणि मायबापाशी बरोबरीने बोलता येत नाही.

येथे एक ऐतिहासिक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. याच अमेरिकन बोर्डावर 1840 नंतरच्या काळात त्याच्या स्वदेशात टीकेचे मोहोळ उठले होते. गुलामांच्या मालकांकडून देणग्या घ्याव्यात काय, हा त्या वादातला एक कळीचा प्रश्न होता. बोर्ड स्पष्ट भूमिका घेत नाही म्हणून असंतुष्ट झालेल्या दास्यविरोधी ख्रिस्ती लोकांनी 1846 साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. म्हणजे देवाच्या कार्याला लागणारा पैसा आणि वर्णभेदाचे पाप यांची गाठ त्या मंडळ्यांना नवी नव्हती. दुसरीकडे, याच मिशनच्या अहमदनगरमधील मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळेवरून जोतीराव फुल्यांना स्त्रीशिक्षणाची प्रेरणा मिळाली, आणि 1873 साली त्यांनी आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. अमेरिकेचे हे दोन्ही चेहरे टिळकांच्या अहमदनगरवर पडछाया टाकून होते.

टिळकांनी या परावलंबनावर पहिला घाव घातला तो काव्यातून. त्यांच्यापूर्वी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. तरी मंडळीच्या उपासनेत परकी चाली आणि भाषांतरित गीते यांचा वरचष्मा होता. टिळकांनी अभंग आणि ओवी हे छंद उपासनेत आणले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांची शेकडो पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या मुखी बसली. समीक्षकांनी याला काव्याचे भारतीयीकरण म्हटले आहे. ते खरे, पण अपुरे. उपासनेचे शब्द परक्याकडून उसने घेणे आणि पाळकाचे वेतन परक्याकडून घेणे या दोहोंत त्यांना एकच दैन्य दिसत होते. मिशनऱ्यांना उद्देशून त्यांनी जे लिहिले, त्यात दास्याचा उघड आरोप आहे. मिशनरी वडील म्हणून नव्हे, भाऊ म्हणून हवा, ही त्यांची मागणी होती. 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन हाती आल्यावर या विचाराला व्यासपीठ मिळाले.

ते एकटे नव्हते. 1905 च्या नाताळात श्रीरामपूर येथे राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापन झाली. माणसे, द्रव्य आणि व्यवस्था ही तिन्ही हिंदीच असावीत, हे तिचे तत्त्व. तिचे एक प्रवर्तक व्ही. एस. अझरया यांनी 1910 च्या एडिंबरा परिषदेत गोरे मिशनरी आणि हिंदी सहकारी यांच्यातील दुराव्यावर बोट ठेवले, तेव्हा सभेत अस्वस्थता पसरली. तमिळ प्रदेशातील अझरया संस्थात्मक मार्गाने गेले आणि 1912 साली अँग्लिकन मंडळीचे पहिले हिंदी बिशप झाले. टिळकांनी निराळी वाट धरली. 1917 साली त्यांनी मिशनचा राजीनामा दिला, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही प्रकारचे अनुयायी त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. मिशनशी त्यांनी वैर धरले नाही. ‘ज्ञानोदया’शी नातेही तोडले नाही. तोडला तो केवळ वेतनाचा दोर.

या त्यागाचे मूल्यमापन करताना भावुकता टाळली पाहिजे. संन्यास ही भारतीय परंपरेने गौरवलेली अवस्था आहे, पण ती सर्वांना सारखीच उपलब्ध नव्हती. चित्पावन कुळातल्या विद्वान कवीने वेतन सोडले तर त्याचे वैराग्य ठरते. महार उपदेशकाने सोडले तर त्याची उपासमार होते आणि गाव त्याला पुन्हा पूर्वीच्या कामाला जुंपते. ज्या पैशात टिळकांना दास्य दिसले, त्यातच दलित ख्रिस्ती कुटुंबांना शाळा, दवाखाना आणि जुन्या दास्यातून सुटका दिसत होती. वर्णभेदाचा जाच ओळखणाऱ्या टिळकांनी जातिभेदाशीही आयुष्यभर झुंज घेतली आणि लक्ष्मीबाईंनी त्याच कठीण वाटेवर पावले टाकली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणारा जाणतो. तरीही त्यांच्या दरबारात या आर्थिक प्रश्नाला उत्तर नव्हते. स्वाभिमानी मंडळी पोटाला काय खाणार, हे संन्यासाने सुटणारे कोडे नव्हते.

मात्र प्रश्न चुकीचा होता असे यातून निष्पन्न होत नाही. दान देणाऱ्याने निर्णयाचा अधिकार आपल्याकडेच ठेवला तर दान हे राज्य होते, आणि राज्यकर्त्याची कातडी गोरी असेल तर ते वर्णाचे राज्य होते. ही गोष्ट टिळकांनी भारतीय मंडळीला सांगितली ती ताळेबंद मांडून नव्हे, तर अभंगाच्या भाषेत. म्हणूनच ती टिकली.

दरबाराला फारसे आयुष्य लाभले नाही. दोन वर्षांच्या आत, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ती रिवाज दफनाचा असूनही त्यांच्या इच्छेनुसार देहाला अग्नी दिला गेला आणि रक्षा अहमदनगरला नेण्यात आली. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अर्धवट राहिले होते. त्याचा फार मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी रचला. जिने पतीच्या निर्धनतेचा भार आयुष्यभर वाहिला, तिनेच त्याचे अपुरे काव्यही पुरे केले. टिळकांच्या त्यागाचा हिशेब मांडताना हा भार वगळता येत नाही.