झेंड्यातला देव ओळखणारा डरखाईम

समाजशास्त्राचे एक संस्थापक एमिल डरखाईम यांचा जन्म १८५८ साली फ्रान्समधील एपिनाल येथे एका ज्यू धर्मगुरूच्या घरी झाला. पण पिढीजात धर्मगुरूपद त्यांनी नाकारले. १८७० च्या युद्धात फ्रान्स हरला आणि पराभवाचे खापर ज्यूंवर फोडण्यात आले. हे त्यांनी लहानपणीच पाहिले. पुढे ड्रेफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला देशद्रोहाच्या खोट्या आरोपात अडकवण्यात आले. तेव्हा १८९८ साली डरखाईम जाहीरपणे न्यायाच्या बाजूने उभे राहिले.

१९१२ च्या ग्रंथात त्यांनी ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या कुलचिन्हांची मीमांसा केली. कुलचिन्हाच्या रूपाने समाज स्वतःचीच पूजा करतो, हा त्यांचा निष्कर्ष. सैनिक झेंड्यासाठी प्राण देतो, त्यामागेही हीच भावना असते. देवाची जागा राष्ट्र घेते ती अशी!

पहिल्या महायुद्धात त्यांचा मुलगा आंद्रे याच फ्रान्ससाठी मारला गेला. तरीही १९१६ साली एका सिनेट सदस्याने डरखाईम यांनाच शत्रूचा हस्तक ठरवले. १९१७ साली ते गेले.

राष्ट्र देव झाले की त्याचेही सोवळे-ओवळे सुरू होते. म्हणून राष्ट्राचा जयजयकार ऐकताना त्यातून कुणाला बाहेर ठेवले आहे, हे आपण विचारलेच पाहिजे.