नौकाशिल्पी नॅथॅनियल हेरेशॉफ

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ऱ्होड आयलंड हे सर्वांत लहान संस्थान होय. त्याच्या किनाऱ्यावरील ब्रिस्टल नावाच्या बंदरगावी ता. १८ मार्च १८४८ रोजी नॅथॅनियल हेरेशॉफ यांचा जन्म झाला. शिडाच्या नौका बांधणाऱ्यांत त्यांच्या तोडीचा कारागीर क्वचितच झाला असेल. परंतु त्यांचे चरित्र सांगू लागल्यास प्रथम त्यांच्या थोरल्या बंधूंविषयी सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

हे बंधू जॉन. त्यांचा जन्म १८४१ सालचा. वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. नौका बांधण्याचा छंद त्यांस त्यापूर्वीच जडला होता व अंधत्व आल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. नॅथॅनियल त्या वेळी लहान बालक होते. थोरल्या भावास वाचून दाखवावे, मापे घ्यावीत, होडीत त्याच्याजवळ बसून वाऱ्याची व किनाऱ्याची हकीकत सांगावी, हेच त्यांचे खेळ. जॉन लाकडाच्या नमुन्यावरून बोटे फिरवीत आणि कोठे उंचवटा राहिला आहे, कोठे बाक बिघडला आहे, हे अचूक सांगत. डोळसांस जो दोष दिसत नसे तो त्यांच्या हातांस लागत असे.

पुढे नॅथॅनियल यांनी बोस्टन येथील प्रसिद्ध तंत्रशाळेत शिक्षण घेतले व प्रॉव्हिडन्स शहरी कॉर्लिस यांच्या वाफेच्या यंत्रांच्या कारखान्यात कित्येक वर्षे नोकरी केली. १८७६ साली त्यांनी दोन सांगाडे एकत्र जोडलेली एक नौका न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरविली. तिने मोठमोठ्या नौकांस मागे टाकले, आणि बक्षिसाऐवजी त्या जातीच्या नौकांस बंदीच झाली! १८७८ साली दोघा बंधूंनी मिळून ब्रिस्टल येथे कारखाना काढला. जॉन यांनी व्यवहार पाहावा, तोंडी हिशेब करून किमती ठरवाव्यात, आणि नॅथॅनियल यांनी नौकांची आखणी करावी, अशी वाटणी होती.

ही आखणी ते कशी करीत, हे समजून घेण्याजोगे आहे. इतर कित्येक कारागीर प्रथम कागदावर रेषा काढीत. नॅथॅनियल हे मऊ लाकडाचा एक ठोकळा घेऊन त्यातून नौकेच्या अर्ध्या अंगाचा नमुना कोरीत. दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे अर्धे अंग पुरे होत असे. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरील जुने मिस्त्रीही कागदाचा आश्रय न करता नजरेच्या अंदाजाने गलबते उभारीत आले, हे वाचकांस आठवेल. नॅथॅनियल यांचे वैशिष्ट्य असे की, नमुना मनाजोगा झाल्यावर ते एका मोजणी-यंत्राने त्याची बारीक मापे घेत व त्यावरून नौकेच्या प्रत्येक बरगडीसाठी निराळा साचा करवीत. वाफेने मऊ केलेले ओक लाकूड त्या साच्यांवर वाकवून नौका पालथी बांधली जाई. साचे जपून ठेवले म्हणजे त्याच आकाराची दुसरी, दहावी किंवा शंभरावी नौका करता येई.

१८८८ साली एका मोठ्या आपत्तीने त्यांच्या आयुष्यास वळण मिळाले. कारखान्याच्या एका आगनौकेची चाचणी चालू असता बाष्पपात्रात बिघाड होऊन एक मनुष्य प्राणास मुकला. यंत्रावर स्वतः नॅथॅनियल होते. त्यांचा यंत्र चालविण्याचा परवाना काढून घेण्यात आला. त्यांचे लक्ष वाफेवरून शिडाकडे वळले, ते तेव्हापासून.

त्यानंतरची कीर्ती सर्वश्रुत आहे. ‘अमेरिका चषक’ या शर्यतीत १८९३ पासून १९२० पर्यंत त्यांच्या पाच नौकांनी सहा वेळा चषक राखला. चहाच्या डब्यांवरील नावामुळे आपल्याकडे घरोघर ठाऊक झालेले सर टॉमस लिप्टन यांस याच नौकांपुढे वारंवार हार खावी लागली. यांपैकी १९०३ सालच्या ‘रिलायन्स’ नौकेचे शीड सोळा हजार चौरस फुटांहून अधिक होते. एक उन्हाळा ती गाजली, आणि १९१३ साली मोडीत निघाली.

आमच्या मते त्यांची खरी कृती निराळी आहे. १९१४ साली मॅसॅच्युसेट्समधील बझर्ड्स बे या आखाताकाठच्या गृहस्थांनी त्यांस आपल्या मुलांसाठी एक लहान नौका करण्याची विनंती केली. त्या आखातात दुपारी वारा जोराचा व लाटा आखूड, उभ्या असतात. मुलांनी शिकावे, पण बुडू नये, अशी आईबापांची इच्छा. चषक जिंकणाऱ्या या साठीपलीकडील गृहस्थांनी ते काम तितक्याच आस्थेने केले. नौकेची पाण्याच्या रेषेवरील लांबी साडेबारा फूट, एकंदर लांबी सुमारे सोळा फूट. आणि तळाच्या कण्याखाली शिशाचा इतका भार की एकंदर वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तोच. यामुळे वाऱ्याच्या झोताने नौका कलली तरी पुन्हा सावरते. १९४३ पर्यंत त्यांच्या कारखान्यात अशा साडेतीनशेहून अधिक नौका झाल्या.

जॉन १९१५ साली वारले. कारखाना लवकरच परक्या हाती गेला. नॅथॅनियल ब्रिस्टल येथेच नमुने कोरीत राहिले व ता. २ जून १९३८ रोजी, नव्वदाव्या वर्षी निवर्तले. दुसरे महायुद्ध संपताच कारखान्याचे कामही थांबले.

युद्धकाळात नौकाबांधणीची एक नवीच रीत निघाली होती. आतून गुळगुळीत केलेल्या साच्यात काचतंतूंचे कापड थरावर थर पसरावयाचे व त्यावर राळेसारखे रसायन चोपडावयाचे. ते कठीण झाले की अखंड नौका साच्यातून उचलून काढावयाची. तिला ना फळ्या, ना सांधे. १९४९ च्या सुमारास केप कॉड या नावाच्या एका कारखान्याने साडेबारा फुटी नौकेचा आकार या फायबरग्लासमध्ये उतरविला. १९५९ साली कार्ल अल्बर्ग यांनी आखलेली ‘ट्रायटन’ ही फायबरग्लासची प्रवासी नौका बाजारात आली. तिचे निर्माते पिअर्सन बंधू यांनी त्याच वर्षी हेरेशॉफ यांच्या ब्रिस्टलमधील जुन्या जागा विकत घेतल्या. ट्रायटन पुढे सातशेहून अधिक झाल्या.

१९७० नंतर साडेबारा फुटी नौकेची दुसरी एक प्रतिकृती निघाली. फायबरग्लासची नौका लाकडीपेक्षा हलकी झाली असती, तर जुन्या नौकांवर अन्याय झाला असता. म्हणून तिचे वजन मुद्दाम लाकडी नौकेइतकेच राखले गेले. नियंत्रक मंडळाने ती मान्य केली, आणि दोन्ही प्रकारच्या नौका बझर्ड्स बेच्या त्याच आखूड लाटांवर एकाच शर्यतीत धावू लागल्या.