खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीक गोळेश्वर नावाचे लहानसे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. कुस्तीचे पहिले धडे खाशाबांना त्यांच्याकडूनच मिळाले. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षण संपवून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे तालमींचे माहेरघर. तेथे अभ्यास सांभाळून ते आखाड्यात घाम गाळीत. देहाने ते ठेंगणे होते. परंतु त्यांची चपळाई अशी, की प्रतिस्पर्धी सावध होण्यापूर्वीच ते डाव टाकीत.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस गेले. मातीत वाढलेल्या या मल्लास तेथे गादीवर लढावे लागले. नियमही परके होते. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. तेवढ्यावर समाधान न मानता पुढील चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली.

१९५२ चे सामने हेलसिंकी येथे भरावयाचे होते. खाशाबांची निवड झाली, पण प्रवासास पैसा कोठून आणावा? गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. ज्यांच्या छत्राखाली ते महाविद्यालयात शिकले, त्या प्राचार्य खर्डेकरांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एवढ्या माणसांचा विश्वास शिरावर घेऊन खाशाबा निघाले.

हेलसिंकीत ५७ किलो वजनाच्या गटात त्यांनी कॅनडा व मेक्सिको येथील मल्लांना नमविले. पुढे सोव्हिएत व जपानी मल्लांनी त्यांना हरविले. तथापि कांस्यपदक त्यांनी पटकाविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ते परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

परंतु जयघोषात त्यांना ऋणाचा विसर पडला नाही. कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरवून त्यांनी पैसा जमविला आणि गुरूंचे घर सोडवून दिले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचे नाव देण्यात आले.

पदक मिळविण्यास बळ लागते. उपकार स्मरून ते फेडण्यास मन मोठे लागते. खाशाबांपाशी दोन्ही होते.