विश्लेषण : पबमध्ये जमणाऱ्या कोडेवेड्यांचे ‘आद्य छळकर्ते’ टॉर्कमाडा कोण होते?

ब्रिटनमध्ये अधूनमधून शनिवारी एखाद्या पबच्या मागच्या खोलीत वेगळीच गर्दी जमते. एरवी ही माणसे एकमेकांना फक्त ऑनलाइन ओळखतात. रोज सकाळी तेच शब्दकोडे सोडवायचे आणि मग कोणता शब्द कुठे अडला यावर दिवसभर वाद घालायचा, एवढीच ओळख. इथे मात्र शर्टावर नावाची चिठ्ठी लावून बसतात आणि त्या चिठ्ठीवर बहुतेकदा खऱ्या नावाऐवजी टोपणनाव असते. कोडी सोडवणारे येतात, तसे रचणारेही येतात. गेल्या आठवड्यात ज्याने रडवले त्यालाच बिअरचा ग्लास पाजून जाब विचारायचा, असा हा कार्यक्रम.

टोपणनावाने लोकांना छळायचे आणि लोकांनी त्याबद्दल प्रेम करायचे, हे विचित्र नाते आले कुठून? त्याचा माग काढला की आपण लंडनमधील एका कवीपाशी पोहोचतो. नाव एडवर्ड पॉविस मॅथर्स. कोडेवेड्यांसाठी मात्र टॉर्कमाडा.

आधी समजून घेऊ : ‘गूढ कोडे’ म्हणजे काय?

मराठी दैनिकांतील शब्दकोड्यात सूचना सरळ असते. ‘सूर्य’ म्हटले की रवी किंवा भानू. इंग्रजीतील ‘क्रिप्टिक’ कोड्यात सूचना वाचताना एक अर्थ दिसतो आणि उत्तर भलतीकडेच दडलेले असते. मराठीत करून पाहू : ‘सर उलटे फिरले, पुरीबरोबर ताटात आले (२ अक्षरे)’. डोळ्यांसमोर शाळेतले सर येतात. पण ‘सर’ हा शब्द उलटा वाचला की होतो ‘रस’, आणि पुरीबरोबर ताटात येतो तोही रसच. एका वाक्यात दोन रस्ते, दोन्ही एकाच घरी जाणारे. क्रिप्टिक सूचनेचा सगळा खेळ इतकाच आहे. फक्त रस्ते फार वळणाचे असतात.

शब्दकोडे मुळात अमेरिकेत जन्मले. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवार पुरवणीत आर्थर विन यांनी पहिले कोडे छापले. विन जन्माने लिव्हरपूलचे. ब्रिटिश वृत्तपत्रांत कोडे यायला १९२४ उजाडले आणि तेथील हुशार मंडळींना ते लगेच फारच सोपे वाटू लागले. त्यांपैकीच एक मॅथर्स.

कवी, अनुवादक आणि काश्मीरचा बिल्हण

मॅथर्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९२ रोजी लंडनच्या फॉरेस्ट हिल भागात झाला. वडील वृत्तपत्र व्यवसायातले. शिक्षण स्कॉटलंडमधील लोरेटो शाळेत आणि नंतर ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात. कोड्यांशी संबंध येण्यापूर्वी त्यांना ओळख मिळाली ती पौर्वात्य कवितांचे अनुवादक म्हणून. अरबी रात्रींच्या कथांचे मार्द्रुस यांनी केलेले फ्रेंच भाषांतर त्यांनी १९२३ मध्ये इंग्रजीत आणले. ती आवृत्ती आजही छापली जाते.

मराठी वाचकाने थांबावे अशी जागा मात्र दुसरी आहे. अकराव्या शतकातील काश्मिरी कवी बिल्हण याच्या ‘चौरपंचाशिका’ या संस्कृत काव्याचे मॅथर्स यांनी ‘ब्लॅक मॅरिगोल्ड्स’ नावाने इंग्रजी रूप केले. हा बिल्हण पुढे कल्याणीच्या चालुक्यांचा राजकवी झाला. ही कल्याणी म्हणजे आपल्या सीमेपलीकडचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या राजघराण्याचे राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होते. राजकन्येवर प्रेम केले म्हणून मृत्युदंड झालेला प्रियकर शेवटच्या घटकेला तिच्या आठवणी सांगतो, अशी दंतकथा या काव्याला चिकटलेली आहे. प्रत्येक श्लोकाची सुरुवात ‘अद्यापि’ या शब्दाने होते, ज्याचे ‘अद्याप’ आपण रोज वापरतो. मॅथर्स यांनी हे काम १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, लष्करी छावणीतील झोपडीवजा बराकीत शेगडीजवळ बसून दोन-तीन बैठकांत उरकले. पुस्तक आले १९१९ मध्ये.

हा काटेकोर अनुवाद नाही, मूळ काव्याची लय आणि हुरहुर घेऊन केलेली स्वतंत्र रचना आहे. संस्कृतच्या अभ्यासकाला ती खटकू शकते. पण जॉन स्टाइनबेक यांना ती इतकी भावली, की ‘कॅनरी रो’ या १९४५ च्या कादंबरीत त्यांनी तिची कडवी घेतली. एका काश्मिरी कवीचे शब्द लंडनमार्गे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मासळी कारखान्यांच्या वस्तीत पोहोचले, ते मॅथर्स यांच्यामुळे.

छळकर्त्याचे नाव का घेतले?

मॅथर्स यांनी कोडी रचायला सुरुवात केली ती स्वतःच्या आणि मित्रांच्या करमणुकीसाठी. मित्रांनीच ती छापायला लावली. १९२५ मध्ये ‘सॅटर्डे वेस्टमिन्स्टर गॅझेट’मध्ये ती येऊ लागली आणि पुढच्याच वर्षी ‘द ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या वृत्तपत्राने त्यांना बोलावले. त्याआधीच्या कोड्यांत एखाददुसरी सूचना चकवणारी असे. सगळ्याच्या सगळ्या सूचना गूढ असलेले कोडे नियमितपणे देणारे मॅथर्स पहिले.

टोपणनाव त्यांनी निवडले ते पंधराव्या शतकातील स्पेनच्या कुप्रसिद्ध धर्मन्यायाधीशाचे. टॉर्कमाडाच्या काळात हजारो लोकांची छळणूक झाली. रविवारच्या चहाबरोबर येणाऱ्या करमणुकीला असे नाव देणे हा थोडा काळा विनोदच, पण वाचकांना तो पटला. यात्रेला गेल्यासारखे लोक दर आठवड्याला छळून घ्यायला येत. बरोबर उत्तरे हजारोंनी टपालाने येत. तेरा वर्षांत त्यांनी सुमारे ६७० कोडी रचली.

काम चाले ते घरगुती पद्धतीने. मॅथर्स विषय ठरवून शब्दांची यादी करत आणि ते शब्द चौकटीत बसवण्याचे किचकट काम बहुतेकदा पत्नी रोझमंड करत. मग मॅथर्स पलंगावर मांडी घालून, सिगारेट ओढत सूचना लिहीत. कधी सगळ्या सूचना यमकात, कधी संवादात. म्हणजे टॉर्कमाडा हे एका माणसाचे नव्हे, निम्म्याने का होईना, जोडप्याचे नाव होते. कोड्यांच्या इतिहासात रोझमंड यांचे नाव तळटिपेत येते. ते चौकटीच्या आत यायला हवे होते असे मला वाटते.

मग वाद कशाचा?

टॉर्कमाडा अफाट होते, पण न्याय्य होते का? हा प्रश्न त्यांच्या हयातीतही होता आणि पबमधल्या टेबलांवर आजही त्यावरून आवाज चढतात. त्यांच्या सूचना शेक्सपिअरपासून बालगीतांपर्यंत कुठेही जात. कधी उत्तर सापडल्यावरही ते का बरोबर, हे वाचकाला कळत नसे. ज्याच्या कपाटात मॅथर्स यांच्याइतकी पुस्तके नाहीत त्याने काय करायचे?

फेब्रुवारी १९३९ मध्ये मॅथर्स गेले तेव्हा हा प्रश्न त्यांच्या वारसदारापुढे आला. डेरिक मॅकनट या शिक्षकाने ‘झिमिनीझ’ हे आणखी एका स्पॅनिश धर्मन्यायाधीशाचे नाव घेऊन ऑब्झर्व्हरची चौकट सांभाळली आणि हळूहळू नियम घातले : सूचनेत उत्तराचा नेमका अर्थ हवा, शब्दखेळ प्रामाणिक हवा आणि त्याखेरीज एकही फालतू शब्द नको. वाचकाला चकवा जरूर, पण वाक्याचे व्याकरण खोटे बोलता कामा नये. १९६६ मध्ये त्यांनी यावर पुस्तकच लिहिले. वर दिलेली ‘सर’ची सूचना त्या कसोटीला उतरते. टॉर्कमाडांच्या कितीतरी सूचना उतरणार नाहीत.

झिमिनीझ यांनी आणखी एक गोष्ट केली. कोड्यांच्या क्रमांकाचे टप्पे गाठले की ते सोडवणाऱ्यांसाठी जेवणावळी भरत. एकेकट्याने घरी बसून करायचा हा छंद अशा रीतीने टेबलाभोवती आला. १९७२ पासून ती चौकट ‘एझेड’ या नावाकडे गेली. रोमन लिपीत ते उलटे वाचा, ‘डेझा’ हा तिसरा धर्मन्यायाधीश सापडेल.

१०० पानांचा खून

टॉर्कमाडा आज तरुणांना माहीत आहेत ते मात्र शब्दकोड्यामुळे नव्हे. १९३४ मध्ये ‘द टॉर्कमाडा पझल बुक’ निघाले. त्यात शेवटी ‘केन्स जॉबोन’ नावाची १०० पानांची रहस्यकथा होती. पाने मुद्दाम चुकीच्या क्रमाने छापलेली. त्यांचा योग्य क्रम लावायचा आणि सहा खून कोणाचे, कोणी केले ते सांगायचे. त्यासाठी रोख बक्षीसही होते. मॅथर्स ऑब्झर्व्हरमध्ये याच नावाने रहस्यकथांचे परीक्षण करत, त्यामुळे त्या प्रकाराच्या सगळ्या खोडी त्यांना पाठ होत्या.

१०० पाने किती प्रकारे मांडता येतात? १०० फॅक्टोरियल. हा आकडा १५८ अंकी आहे. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहिला तेव्हा १३ हा आकडा टाकताच उत्तर वेडेवाकडे आले होते, कारण १३ चा फॅक्टोरियलच ३२ बिटांत मावत नाही. तेव्हा सगळे क्रम तपासून पाहू, हा मार्ग संगणकालाही बंद. वाचणे, आठवणे आणि संशय घेणे एवढेच हाती उरते.

१९३५ मध्ये दोघांची नावे विजेते म्हणून जाहीर झाली. त्यांपैकी एक सॅक्सन सिडनी-टर्नर, व्हर्जिनिया वुल्फ यांच्या ब्लूम्सबरी वर्तुळातील सरकारी अधिकारी. उत्तर मात्र छापले गेले नाही. चार वर्षांत मॅथर्स वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी वारले. निवडक ११२ कोड्यांचे पुस्तक १९४२ मध्ये निघाले, त्यात रोझमंड यांनी पतीच्या कामाबद्दल लिहिले. पण त्या सहा खुनांचे उत्तर विस्मरणात गेले. कोडे उरले आणि उत्तर हरवले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

यॉर्कशायरमधील शँडी हॉल या लॉरेन्स स्टर्न संग्रहालयाने त्याचा पाठपुरावा केला आणि उत्तर पुन्हा हाती आले. २०१९ मध्ये ‘अनबाउंड’ प्रकाशनाने सुट्या पानांची पेटी काढली आणि १,००० पौंडांचे बक्षीस ठेवले. मुदतीत फक्त एकाने अचूक उत्तर दिले : बीबीसी रेडिओचे विनोदी लेखक जॉन फिनेमोर, जे स्वतः गूढ कोडी रचतात. टाळेबंदीत घरी अडकल्यामुळे त्यांना काही महिने सलग वेळ मिळाला. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका तरुणीने आपल्या खोलीची भिंत या पानांनी भरून टिकटॉकवर दाखवली आणि पुस्तक रातोरात संपले. आपल्याकडे तेव्हा टिकटॉकवर बंदी होती, त्यामुळे ही लाट इन्स्टाग्रामवरून थोडी उशिराच आली.

उत्तर प्रकाशकांनी उघड केलेले नाही. फिनेमोर यांनीही सांगितले नाही. उलट २०२४ मध्ये त्यांनी ‘द रिसर्चर्स फर्स्ट मर्डर’ नावाचे नवे कोडे आणले : १०० पोस्टकार्डे, तीही चुकीच्या क्रमाने.